बाराची चौदाला रिंग

मधुमतीकाकूंच्या दारात मी टॅब्लेट घेऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी आधी माझे बूट बघितले, मग मला. मी बूट काढले. लीड्समध्ये त्यांचा उभा जन्म गेला, पण त्यांच्या कार्पेटवर बूट घालून आजवर फक्त ॲम्ब्युलन्सवाले गेलेत, आणि बरं वाटल्यावर काकूंनी त्यांनाही फोन करून ऐकवलं होतं.

काम साधं होतं. आमच्या हॉथॉर्न कोर्टमध्ये, म्हणजे एकेकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांच्या शेल्टर्ड फ्लॅट्समध्ये, जुना इंटरकॉम जाऊन नवा यायचा होता. प्रत्येक फ्लॅटच्या भिंतीवर एक पांढरा डबा, त्याला आकडे दाबता येतील असा छोटा स्क्रीन, रिसीव्हर आणि चार बटणं. सगळ्या डब्यांच्या वायरी खाली ऑफिसातल्या एक्स्चेंजला. डब्याला कंपनीच्या भाषेत स्टेशन म्हणतात आणि त्याच्यासमोर राहणाऱ्या माणसाला यूजर. मी इथली असिस्टंट मॅनेजर, त्यामुळे दारोदार फिरून यूजरांना विचारायचं माझ्याकडे आलं. स्क्रीनवर नाव कसं हवं, आवाज किती मोठा, कुठल्या बटणावर कोण, आलेला फोन आपोआप उघडावा की तुम्ही उठून घेणार. मॅन्युअल मला निम्मं कळलं होतं. उरलेलं मी व्हिडिओ बघून, एका रिकाम्या फ्लॅटचं स्टेशन तीनदा बिघडवून शिकले.

“स्टेशन?” काकू म्हणाल्या. “म्हणजे आता माझ्या हॉलमधून गाड्या सुटणार.”

नावावर आम्ही बराच वेळ घालवला. जुन्या सिस्टिममध्ये कुणीतरी त्यांचं नाव ‘मॅडी’ घातलं होतं. ते आधी काढ, म्हणाल्या. मग मिसेस करंदीकर घालू का, असं मी विचारलं, तर मिसेस करंदीकर इथे दोन आहेत, लोकांचा घोटाळा होईल. शेवटी मधुमती करंदीकर असं पूर्ण घातलं. एक अक्षर मावत नव्हतं म्हणून मी फॉन्ट बारीक केला, आणि त्यांनी चष्मा लावून ते अक्षर खरंच आलंय की नाही ते तपासलं.

पहिलं बटण लाल, ते ऑफिसचं, ते बदलत नाही. दुसऱ्यावर मुलगा अंशुमन. तो ग्लासगोला डॉक्टर आहे. “उचलत नाही तो. पण ठेव,” म्हणाल्या. “बटण रिकामं दिसायला नको.”

“आणि तिसऱ्यावर?”

“चौदा.”

मी टॅब्लेटवरून मान वर केली. चौदा नंबर म्हणजे शेजारचाच फ्लॅट. आमच्याकडे तेरा नंबर नाही, इंग्रज माणूस भुताला घाबरत नाही पण तेराला घाबरतो, म्हणून बाराला लागून चौदा. तिथे दुसऱ्या मिसेस करंदीकर राहतात. वरदाकाकू, मधुमतीकाकूंच्या धाकट्या जाऊबाई. दोघी सख्ख्या भावांच्या बायका, दोघीही आता एकट्या. दोघींनी एकमेकींना न सांगता इथे फ्लॅट घेतला आणि पहिल्यांदा भेटल्या त्या कपडे धुवायच्या खोलीत, एकाच मशीनसमोर. तेव्हाही बोलल्या नाहीत. एकीने कपडे टाकले, दुसरी बादली घेऊन परत गेली. त्या बोलत नाहीत हे हॉथॉर्न कोर्टमध्ये सगळ्यांना माहीत आहे. बिंगोला त्यांची टेबलं लांब ठेवायची हे तर आमच्या माळ्यालाही माहीत आहे.

“तुमचं आणि वरदाकाकूंचं...” मी सुरुवात केली.

“बोलायचं नाहीये,” काकू म्हणाल्या. “वाजवायचंय.”

मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना कपाटावरची धूळ पुसत राहिल्या, म्हणजे मला त्यांचं तोंड दिसू नये. पूर्वी दोन्ही भावांची घरं लांब होती. रविवारी एकाकडे जेवण व्हायचं, मग दुसरे बर्फातून, धुक्यातून गाडी हाकत घरी जायचे. पोचले की फोनची एक रिंग द्यायची आणि ठेवून द्यायचा. उचलायचं नाही. एक रिंग म्हणजे पोचलो, काळजी करू नका, झोपा. फोन महाग होता म्हणून सुरू झालेली पद्धत, पण फोन फुकट झाल्यावरही कुणी बंद केली नाही. सगळ्या मराठी घरांतून तेव्हा असं चालायचंच.

इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात वरदाकाकू बाथरूममध्ये पडल्या. हाक ऐकू गेली नाही. फायर रेग्युलेशनमुळे आमच्या भिंती अशा जाड आहेत की पलीकडे वरात गेली तरी कळायचं नाही. दुपारी सफाईवाली आली तेव्हा सापडल्या. हॉस्पिटलमधून परत आल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी चौदाचा इंटरकॉम एकदाच वाजला आणि थांबला. थोड्या वेळाने बाराचा वाजला आणि थांबला. तेव्हापासून रोज सकाळी, चहाच्या आधी. मी उठले. मीही उठले. बस.

“भिंतीवर टकटक केलं असतं तरी चाललं असतं की,” मी म्हटलं.

“टकटक म्हणजे बोलावणं झालं,” काकू म्हणाल्या. “मी कशाला बोलावू?”

तिसऱ्या बटणावर मी चौदा घातलं.

*

खाली ऑफिसात कंपनीची इंजिनिअर तनिषा जमिनीवर मांडी घालून वायरी जोडत होती. ही इथेच जन्मलेली. आजी मेडनहेडला असते, मराठी आजीकडून शिकली आणि आजीच्या धाकाने टिकवली. मला मावशी म्हणते. माझ्यापेक्षा ती तिच्या कामात शंभर पटीने हुशार आहे, त्यामुळे मी तिला सगळं सांगितलं आणि एक रिंग देऊन बंद करायची सोय आहे ना, एवढंच विचारलं.

तनिषाने हातातली पक्कड खाली ठेवली. “मावशी, तो प्रॉब्लेम होणार.”

नव्या सिस्टिमचा नियम असा होता की राहणाऱ्या माणसाच्या स्टेशनवरून फोन लागला आणि समोरच्याने उचलण्याआधी बंद झाला, तर तो अडचणीतला फोन धरायचा. माणूस पडता पडता बटण दाबतो, रिसीव्हर हातातून सुटतो, असं खरंच होतं. मग एक्स्चेंज ड्युटीवरच्या बाईला कळवतं आणि तिला त्या दारात जाऊन बघावंच लागतं. म्हणजे बाराने चौदाला एक रिंग देऊन ठेवलं की मिनिटाभरात ड्युटीवाली बाराच्या दारात. चौदाकडून उत्तराची रिंग गेली की चौदाच्याही दारात. रोज सकाळी.

नियम तिचा नव्हता, माझाही नव्हता. वरच्या, म्हणजे हेड ऑफिसने मागून घेतला होता, आणि खरं सांगायचं तर शहाणपणाचा होता. तनिषाने स्क्रीनवर दाखवलं, त्या ओळीसमोरचा चौकोन राखाडी होता, दाबलं तरी हलत नव्हता.

“पण एक ऑप्शन आहे,” ती म्हणाली. “चौथा बटण. ‘मी ठीक आहे’ बटण. सकाळी दाबायची, ऑफिसला कळतो. दोघीपण दाबतील. सेम थिंग ना?”

मला ते सेम थिंगच वाटलं. मी पुन्हा वर गेले, पुन्हा बूट काढले, काकूंना समजावून सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. फार शांतपणे ऐकलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

“मी उठले हे मला ऑफिसला सांगायचं नाहीये, कस्तुरी. ऑफिसने माझ्यासाठी कधी भाजणी पाठवली नाही.” मग जरा थांबून म्हणाल्या, “राहू दे. काढून टाक ते तिसरं बटण. दारात माणसं यायला लागली तर ती म्हणेल, वहिनींनी तमाशा केला. आणखी एक.”

मी हो म्हटलं. बटण मात्र काढलं नाही. काढायला दोनदा बोट टेकवायचं होतं फक्त, पण तेवढंही होईना.

*

वरदाकाकूंकडे मी दुसऱ्या दिवशी गेले. त्या हसऱ्या आहेत, चहा विचारत नाहीत, सरळ पुढ्यात ठेवतात. भिंतीवर त्यांच्या यजमानांचा, श्रीनिवासकाकांचा फोटो, क्रिकेटची टोपी घातलेला.

स्क्रीनवर नुसतं ‘वरदा’ हवं होतं त्यांना. आवाज मोठा. दुसऱ्या बटणावर नागपूरचे भाऊ. तिसऱ्यावर कोण, असं विचारलं तर म्हणाल्या रिकामं ठेव.

“बाराने तिसऱ्यावर कोण घातलंय?”

ते मला सांगता येत नाही, मी म्हटलं.

“नको सांगूस. कळलं.” त्या हसल्या. “माझ्याकडे रिकामंच असू दे. बाराचे एक आणि दोन दाबायला मला बोटं आहेत.”

मग मी त्यांनाही नियम सांगितला. त्यांचं हसू तसंच राहिलं, पण बशी त्यांनी टेबलावर जरा जपून ठेवली. मग त्या वेगळंच बोलायला लागल्या. श्रीनिवासकाका गेले तेव्हा नागपूरहून भाऊ निघाले होते. विमान उशिरा उतरलं. क्रिमेटोरियममध्ये अर्ध्या तासाचा स्लॉट, मागे दुसरी गाडी उभी, त्यांची माणसं काळ्या कोटात बाहेर थंडीत. घरातली मोठी म्हणून तिथल्या माणसाने मधुमतीकाकूंना विचारलं, सुरू करायचं का. त्या म्हणाल्या, हो. भाऊ पोचले तेव्हा शवपेटीपुढचा पडदा बंद झाला होता.

“वेळ नव्हता, मलाही दिसत होतं,” वरदाकाकू म्हणाल्या. “पण माझ्याकडे एकदा बघायचं होतं त्यांनी. थांबू का, एवढं विचारायचं. मी नाही म्हटलं असतं. विचारायचं होतं पण.”

मी चहा संपवला. जाताना त्यांनी विचारलं की मग आता सकाळची रिंग बंदच का. मी म्हटलं, बहुतेक.

“बरं,” त्या म्हणाल्या. बरं हा शब्द मी पुष्कळ माणसांकडून ऐकलाय. इतका रिकामा कधी ऐकला नव्हता.

*

नवा इंटरकॉम सोमवारी सुरू झाला. तनिषा आणि मी लवकर ऑफिसात येऊन बसलो होतो. एक्स्चेंजच्या मोठ्या स्क्रीनवर प्रत्येक स्टेशनचा एक चौकोन. शांत असला की निळा, फोन लावत असला की पिवळा, बोलणं चालू असलं की हिरवा. काय बोलतात ते आम्हाला ऐकू येत नाही, येऊही नये.

बाहेर अजून नीट उजाडलं नव्हतं. अचानक बारा पिवळा झाला. सवयीच्या हाताने बटण दाबलं असणार. मी ड्युटीवालीला फोन करून थांबवायला उठले, तोवर पिवळा गेला आणि बारा आणि चौदा दोन्ही एकदम हिरवे झाले.

“लगेच उचलली?” तनिषा म्हणाली.

लगेच म्हणजे एक रिंगसुद्धा पुरती झाली नव्हती. मग माझ्या लक्षात आलं. वरदाकाकू एकदा पडल्या होत्या, म्हणून वरच्या ऑफिसने त्यांना पडण्याची भीती असलेल्यांच्या गटात टाकलं होतं. त्या गटाच्या स्टेशनना फोन आपोआप उघडतो, कुणी न उचलता. जमिनीवर पडलेल्या माणसाशी बोलता यावं म्हणून. सगळ्यांना तसा कागद दिला होता. वाचला कुणीच नव्हता. सेटिंग्ज भरताना गटाची ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि रिंगचा विचार करता करता मी तीच सोडून दिली होती.

म्हणजे एक रिंग देऊन ठेवायला गेलेल्या मधुमतीकाकूंच्या कानात वरदाकाकूंचं घर उघडलं होतं.

“कट करू?” तनिषाने विचारलं. तिचं बोट तयार होतं.

मी नको म्हटलं. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. चौकोन हिरवेच राहिले. आम्ही दोघी परीक्षेच्या निकालाकडे बघावं तसं बघत होतो. मग ते निळे झाले.

काय झालं ते मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं. मधुमतीकाकूंच्या म्हणण्याप्रमाणे त्या ठेवणारच होत्या, पण आतून भांड्याचा आवाज आला, मग खोकला आला, आणि खोकला बरा नव्हता, म्हणून त्या ऐकत राहिल्या. वरदाकाकूंच्या म्हणण्याप्रमाणे डबा आपोआप बोलायला लागला आणि त्यातून कुणीतरी नुसतं श्वास घेत होतं. तो श्वास त्यांनी ओळखला. किती रविवार एका स्वयंपाकघरात पोळ्या लाटल्या होत्या दोघींनी. त्यांनी चहा गाळायचा सोडून तशाच उभ्या राहून बघितलं डब्याकडे. पुढचं मात्र दोघींनी अगदी एकसारखं सांगितलं.

“वहिनी, ठेवा आता. माझा चहा उतू जातोय.”

“आधी तो हॉब बंद कर. आणि खोकल्याला काही घेतलंस का?”

यावर वरदाकाकूंनी बटण दाबून फोन बंद केला. त्या दिवशी बाराला उत्तराची रिंग गेली नाही.

*

दुपारी वरदाकाकू स्वतः ऑफिसात आल्या. काठी टेकत, व्यवस्थित शाल पांघरून. मला वाटलं, आता तक्रार लिहून द्यायला आल्या. ते तसं असतं तर बरोबरच होतं.

“ते आपोआप उघडणं काढ,” त्या म्हणाल्या. “माझ्या घरात कोणी असं शिरलेलं मला चालायचं नाही. कोणीही असो.”

मी माफी मागितली आणि सांगितलं की गटातून काढायला मॅनेजरची परवानगी लागेल, आणि मॅनेजर म्हणेल की मग पेंडंट घाला, गळ्यात अडकवायचं, पडल्यावर दाबायचं. हे पेंडंट त्यांनी दोन वर्षं नाकारलं होतं. मंगळसूत्र उतरवलं ते हे प्लास्टिक अडकवायला का, असं त्यांनी मागच्या मॅनेजरला विचारलं होतं आणि त्याला कुणी भाषांतर करून सांगितलं नव्हतं.

“घालीन,” त्या म्हणाल्या. “आण.”

मी आणि तनिषाने एकमेकींकडे बघितलं. मॅनेजरला मी तिथल्या तिथे फोन लावला, परवानगी घेतली, पेंडंट त्यांच्या गळ्यात घातलं. तनिषाने आपोआप उघडणं बंद केलं. मग स्क्रीनवर दुसरी ओळ आली, ती आजवर चौदाला लागूच नव्हती. फोन किती वेळ वाजू द्यायचा. तेवढ्यात उचलला नाही तर ड्युटीवाली जाणार.

“किती ठेवू, आजी?” तनिषाने विचारलं. “नॉर्मल थोडा असतो. सहा-सात रिंग.”

वरदाकाकूंनी दोन्ही हात काठीवर ठेवले.

“जास्तीत जास्त किती?”

पुष्कळ होता. तनिषाने पट्टी शेवटपर्यंत सरकवून दाखवली.

“तेवढा ठेव.”

“वरदाकाकू, एवढा वेळ कोणी थांबत नाही,” मी म्हटलं. “आणि मधेच ठेवलं तरी ड्युटीवाली येणारच.”

“माहीत आहे मला,” त्या म्हणाल्या. “त्यांनाही जाऊन सांग. जसं आहे तसं सांग, आपल्या पदरचं घालू नकोस.”

मी वर गेले. बूट काढायचं विसरले आणि मधुमतीकाकू काही बोलल्या नाहीत. चौदा आता आपोआप उघडणार नाही, रिंग वाजेल, खूप वेळ वाजेल, मधे ठेवलंत तर माणूस दारात येईल. एवढंच सांगितलं. त्यांनी तिसऱ्या बटणाकडे बघितलं. काढलं नाहीस वाटतं, एवढंच म्हणाल्या.

*

दुसऱ्या सकाळी तनिषाचं खरं तर काम नव्हतं. एक वायर बघायची राहिली, असं सांगून ती आली होती. मी विचारलं नाही कुठली.

बारा पिवळा झाला. त्याच्याखाली एक बारीक पट्टी असते, वेळ संपत जातो तशी भरत जाते. पट्टी सरकायला लागली. एक रिंग झाली. इथे मधुमतीकाकूंनी रोज फोन ठेवलेला असायचा. पिवळा तसाच राहिला.

पट्टी सरकत होती. मला डोळ्यांसमोर त्या दिसत होत्या, पाठ ताठ, रिसीव्हर कानाला, आणि भिंतीपलीकडे वरदाकाकू, डब्यासमोर खुर्ची घेऊन बसलेल्या, त्यावरचं नाव वाचत. घरी असून न उचलणारं माणूस आणि ते घरी आहे हे माहीत असून थांबलेलं माणूस. मी हॉथॉर्न कोर्टमध्ये पुष्कळ लोकांना रागावताना पाहिलंय, पण इतक्या शांतपणे कुणाला नाही.

पट्टी शेवटाला आली. मी ड्युटीवालीचा इशारा थांबवायला हात पुढे केला.

“थांब ना, मावशी,” तनिषा म्हणाली.

बारा हिरवा झाला. चौदा हिरवा झाला.

आम्ही दोघींनी केटल लावली. चहा झाला, प्यायला, कप विसळले, तरी चौकोन हिरवेच. तनिषा तिच्या आजीला मेसेज करत बसली. मी पोस्ट फोडली आणि एकही पत्र वाचलं नाही.

निळे झाल्यावर थोड्या वेळाने मी वर गेले. बूट आठवणीने काढले. मधुमतीकाकू स्टेशनच्या शेजारी खुर्चीत बसल्या होत्या, चहा गार झालेला.

“मुद्दाम उशीर केला तिने,” त्या म्हणाल्या.

“आणि तुम्ही?”

“मी काय. बसले होते.” त्यांनी साडीची घडी सारखी केली. “तिच्याकडे जास्तीत जास्त ठेवलायस ना? माझ्याकडे किती आहे?”

नेहमीचा, मी म्हटलं. सहा-सात रिंग.

“माझाही तिच्याइतका कर.”

मी टॅब्लेट काढला आणि बाराची पट्टी शेवटपर्यंत सरकवली. अजून हात तिथेच होता तोवर डबा वाजला. स्क्रीनवर ‘वरदा’ आलं. मी रिसीव्हर त्यांच्याकडे सरकवला, पण त्यांनी घेतला नाही. चष्मा पुसला, लावला, ते नाव नीट वाचलं आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

“वाजू दे जरा,” म्हणाल्या. “तिलाही बघू दे.”